कानामागची बट

लुर्दीन आधी काहीच करत नाही.
माझी मान खिडकीकडे वळवते
आणि केसांत बोटं घालून बघत बसते,
म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात
सुकं खारं चाचपावं तशी.
"किती वर्षांचा हा काळा?"
सव्वीस.
दर तीन आठवड्यांनी, पाकिटातला,
फुटक्या बशीत कालवून जुन्या टूथब्रशने.
ती शीळ घालते.

"आणि आता वरून तपकिरी फासलास?"
फासला. दोनदा.
काळाच राहिला.
"रंग रंगाला उतरवत नाही, उल्काबाय.
वर चढून बसतो फक्त.
आधी आतला बाहेर काढायचा,
थोडा थोडा, समजूत घालून."

ब्लीचची पूड घरी आणून ठेवली आहे
हे मी तिला सांगत नाही.
ती विचारते, तेव्हा सांगते.
"फेकून दे.
डोक्याची कातडी म्हणजे काय बांगडा,
भाजून बघायला?"

परवा कोपराच्या आत लावलेला थेंब
ती उजेडात धरून तीनदा तपासते.
लाली नाही. खाज नाही.
मग कानामागची एक बट सोडवते,
कुणाच्या नजरेत न येणारी,
तिला रंग काढायचं पाणी लावून फॉईलमध्ये गुंडाळते
आणि घड्याळ लावून चहा सांगते.
बाकीचं डोकं कोरडंच.

वीस मिनिटं.

आगोंदला असताना माझे केस असेच होते,
म्हणजे हवे आहेत तसे.
मीठ आणि ऊन, दुसरं काही नाही.
शाळेत मुलं ओरडायची, पाखल्याची, पाखल्याची,
आणि मी घरी येऊन खोबरेल चोपडायची वाटीभर.
मांद्र्याचे लोक बघायला यायच्या आदल्या रात्री
आईने मला चुलीपुढे बसवलं.
"त्यांनी विचारलं तर काय सांगू मी?"
वडिलांचे डोळे घारे होते
हे तेव्हा कुणालाच आठवलं नाही.
पाहुण्यांनी केसांकडे बघितलंही नाही.
एक-चौदाचा उतारा मागितला,
तो मात्र दोघांनी आळीपाळीने वाचला.

मग का नाही थांबलीस,
असं लुर्दीन विचारत नाही,
म्हणून मीच सांगते:
मुळाशी जरा उगवलं की सासूबाई म्हणायच्या,
उल्का, रेघ दिसते.
त्या गेल्या त्याला नऊ वर्षं झाली.
रेघ मला अजून दिसते.

फॉईल उघडते.
बट चिऱ्याच्या रंगाची,
नुकत्याच खाणीतून काढलेल्या, ओल्या,
मधेच एखादा केस पिवळट.
"हा नव्हे," मी म्हणते. "माझा कुठे आहे?"
लुर्दीन कंगव्याच्या टोकाने मूळ दाखवते.
"तुझा आता आत नाही, बाय.
आत पांढरा आहे.
तपकिरी आपण बनवायचा."

मी आरशात बघते. ती बघू देते.

आज एवढंच, म्हणते.
सहा आठवड्यांनी पहिली फेरी, मग परत थांबायचं.
केस रबरासारखा ताणला तर सगळं बंद.
इस्त्री नाही, गरम पाणी नाही,
रात्री तेल,
"आणि हां, दर्यात बुडी नाही.
मीठ आणि ऊन, दोन्ही वर्ज्य."
मला हसू येतं.
ती विचारते काय झालं,
आणि मला नीट सांगता येत नाही.
पैसेही ती अर्धेच घेते, बटेचे.

शिवोलीच्या पुलावर बस चढते तेव्हा
ऊन डाव्या खिडकीतून थेट कानावर.
मी तळहाताने कान झाकते.
शेजारची बाई टोपली मांडीवर सरकवून विचारते,
"कान दुखता?"
थोडा, मी म्हणते,
आणि चोपडें येईपर्यंत
हात काढत नाही.